‘संगणकच विमाने पाडतो’ या संदेशाला मुद्देसूद उत्तर

गेल्या काही महिन्यांत सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले आणि मालवण या भागांतील अनेक व्हॉट्सॲप गटांवर विमानप्रवासाविषयीचा एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा येत आहे. त्याचा गोषवारा असा: आजची विमाने वैमानिक चालवत नाही, संगणक चालवतो. बोइंगची ‘मॅक्स’ विमाने संगणकाने वैमानिकाच्या हातून हिसकावून घेतली आणि पाडली. ऑटोपायलट वेळीच बंद केला असता तर ती वाचली असती. तीच विमाने, काहीही न बदलता, आता गोव्यातील मोपा आणि नवी मुंबई येथे उतरत आहेत. अहमदाबादचे विमानही त्याच सॉफ्टवेअरने पाडले. सहा हजार एअरबस विमानांचे सॉफ्टवेअर घाईघाईने बदलावे लागले, यावरून सगळीच विमाने सदोष असल्याचे सिद्ध झाले. चिपीला, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळावर, येणाऱ्या विमानातही हीच यंत्रणा आहे. म्हणून विमानांतले संगणक काढून ती पूर्णपणे माणसाच्या हाती दिली जाईपर्यंत कोकणातल्या माणसाने गणपतीला आणि शिमग्याला रस्त्यानेच यावे.

हा संदेश पुढे पाठवणारी माणसे खोडसाळ नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तळकोकणातील कितीतरी घरांचा विमानाशी प्रथमच नित्याचा संबंध आला आहे, आणि ज्यांची मुले आखातात किंवा बंगळूरला नोकरीस आहेत त्यांना अशा मजकुराने धडकी भरणे स्वाभाविक आहे. माझ्या परिचयातील एका वयस्कर काकूंनी तो वाचून मुलीकडे जाण्याचे विमानाचे तिकीट रद्द केले आणि त्या रात्रीच्या बसने गेल्या. विमानांच्या सुरक्षिततेविषयी लोकांनी प्रश्न विचारावेत, कठोरपणे विचारावेत, असेच माझे मत आहे. परंतु प्रश्नाचा रोख चुकला की ज्यांनी उत्तर द्यायचे ते मोकळे सुटतात. या संदेशाने नेमके तेच केले आहे, म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

संगणक विमान चालवतो आणि वैमानिक नुसता बसून असतो, हे अर्धसत्य आहे. ठरवून दिलेली उंची, दिशा आणि वेग ऑटोपायलट सांभाळतो आणि प्रवासातील बराचसा वेळ विमान त्याच्या हवाली असते, एवढे खरे. मात्र ती उंची कोणती, दिशा कोणती आणि वेग किती, हे वैमानिक ठरवतो. नेहमीच्या प्रवासी विमानांचे उड्डाण वैमानिक हाताने करतो आणि उतरणेही बहुतेक वेळा हातानेच होते, कारण स्वयंचलित रीतीने उतरण्यासाठी विमान, वैमानिक आणि धावपट्टीवरील उपकरणे या तिन्हींना विशिष्ट दर्जाची मान्यता लागते, आणि तिचा उपयोग मुख्यतः दिल्लीसारख्या दाट धुक्याच्या ठिकाणी केला जातो. आषाढात सड्यावर ढग उतरलेले असताना आणि वारा आडवा असताना धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचे, घिरट्या घालायच्या की दुसऱ्या विमानतळाकडे वळायचे, हा निर्णय आजही दोन माणसेच घेतात.

मॅक्स विमानांविषयीचा दावा मात्र सविस्तर तपासला पाहिजे, कारण साऱ्या संदेशाचा पाया तोच आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जकार्ताहून निघालेले लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स विमान जावा समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व १८९ जण मृत्युमुखी पडले. त्याचे कॅप्टन भव्ये सुनेजा दिल्लीचे होते. १० मार्च २०१९ रोजी अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेले इथिओपियन एअरलाइन्सचे त्याच जातीचे विमान उड्डाणानंतर सहा मिनिटांत पडले आणि १५७ जण गेले, त्यांत चार भारतीय होते. दोन्ही अपघात मिळून ३४६ माणसे.

या विमानांत ‘एमकॅस’ नावाची यंत्रणा होती. जुन्या रचनेच्या ७३७ विमानाला इंधन वाचवणारी मोठी इंजिने बसवताना ती पंखाच्या अधिक पुढे आणि वर न्यावी लागली, त्यामुळे विमानाचे नाक जास्त उचलले गेले की ते आणखी वर जाऊ पाहत असे. हा बदललेला स्वभाव वैमानिकाला जाणवू नये आणि नवे विमान जुन्यासारखेच वाटावे, यासाठी शेपटीजवळचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, आपोआप फिरवून नाक खाली आणणारे सॉफ्टवेअर घालण्यात आले. समोरून येणाऱ्या हवेशी पंख किती कोन करतो हे मोजणारे दोन सेन्सर विमानाच्या नाकाच्या दोन बाजूंना होते, परंतु एमकॅस एका उड्डाणात त्यांपैकी एकाच सेन्सरवर विसंबून काम करी. तो सेन्सर खोटे सांगू लागला तर दुसऱ्याला विचारून खात्री करण्याची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. लायन एअरच्या विमानावर अपघातापूर्वी नव्याने बसवलेला सेन्सर सुमारे २१ अंशांनी चुकीचा होता. विमान सरळ चढत असताना नाक धोकादायकरीत्या वर गेले आहे असा यंत्रणेचा समज झाला आणि ती नाक खाली ढकलत राहिली. कॅप्टनने वीसहून अधिक वेळा विमान सावरले. प्रत्येक वेळी यंत्रणा काही सेकंद थांबून पुन्हा तेच करीत होती.

आता ऑटोपायलट बंद करण्याचा मुद्दा. एमकॅस ही यंत्रणा चालतच होती ती ऑटोपायलट बंद असताना आणि फ्लॅप, म्हणजे उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बाहेर काढल्या जाणाऱ्या पंखांच्या पट्ट्या, आत घेतलेल्या असताना. म्हणजे संदेशात जो उपाय सांगितला आहे, तीच नेमकी या संकटाची पूर्वअट होती. खरा उपाय वेगळा होता: दोन वैमानिकांच्या मधल्या पट्टीवरील दोन खटके पाडून स्टॅबिलायझरच्या मोटरचा वीजपुरवठा तोडणे आणि त्यापुढे हाताने चाक फिरवून तोल सांभाळणे. अपघाताच्या आदल्या रात्री याच विमानात हाच बिघाड झाला होता. त्या वेळी कॉकपिटमध्ये जादा आसनावर बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या मदतीने हे खटके पाडले गेले आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरले. पण त्या प्रवासात नेमके काय घडले याची पूर्ण नोंद झाली नाही, आणि सकाळी तेच विमान, त्याच सेन्सरसह, दुसऱ्या वैमानिकांच्या हाती आले. इथिओपियाच्या वैमानिकांना हा उपाय ठाऊक होता आणि त्यांनी तो केलाही. परंतु तोवर विमानाचा वेग इतका वाढला होता की हाताने चाक फिरेना. म्हणून त्यांनी वीजपुरवठा पुन्हा जोडला आणि एमकॅसने पुन्हा नाक खाली ढकलले. वैमानिकांच्या या दोन जोड्यांना निष्काळजी म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

संगणकाने विमान हिसकावले, हे वाक्य म्हणूनच मला अपुरे वाटते. एका सेन्सरच्या शब्दावर एवढा अधिकार त्या सॉफ्टवेअरला कोणी दिला, हा खरा प्रश्न आहे. सुरक्षिततेच्या मूळ कागदपत्रांत एमकॅस एका वेळी स्टॅबिलायझर फक्त ०.६ अंश फिरवील असे होते. पुढे चाचण्यांदरम्यान ते २.५ अंश झाले, म्हणजे चौपटीहून अधिक, आणि तरीही एकाच सेन्सरवर अवलंबून राहण्याचा निर्णय बदलला गेला नाही. वैमानिकांच्या पुस्तिकेत या यंत्रणेचे वर्णनच नव्हते. दोन्ही सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत असा इशारा देणारा संकेत प्रत्येक विमानात असायला हवा होता, पण तो जादा पैसे मोजून घेतलेल्या दुसऱ्या एका सोयीशी जोडला गेल्यामुळे बहुतेक विमानांत चालतच नव्हता, आणि ही गोष्ट कंपनीला पहिल्या अपघातापूर्वीच माहीत होती. जुन्या ७३७ चे वैमानिक थोड्याशा संगणकीय धड्यावर मॅक्स चालवू शकतील, त्यांना सिम्युलेटरवर, म्हणजे कॉकपिटची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, बसवून वेगळे प्रशिक्षण द्यावे लागणार नाही, हे या विमानाच्या विक्रीचे मोठे आकर्षण होते. एका अमेरिकन विमान कंपनीशी झालेल्या करारात तर सिम्युलेटरचे प्रशिक्षण लागलेच तर प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलरची सूट देण्याचे कबूल केले होते.

आणि सर्वांत गंभीर बाब पहिल्या अपघातानंतरची आहे. अमेरिकेच्या विमान नियामकाने, म्हणजे एफएएने, डिसेंबर २०१८ मध्ये स्वतः केलेल्या हिशेबात, दुरुस्ती झाली नाही तर या विमानांच्या एकूण आयुष्यात असे आणखी पंधराच्या आसपास प्राणघातक अपघात होऊ शकतात, असा अंदाज निघाला होता. तरीही विमाने उडत राहिली, आणि पहिल्या अपघातानंतर चार महिन्यांहून अधिक काळाने इथिओपियाचा अपघात झाला. ज्याच्या मनात या साऱ्याविषयी संताप आहे, त्याने तो सॉफ्टवेअरवर खर्च करू नये. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या समझोत्यात बोइंगने अडीच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले, पण आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही आणि ती नंतरही न्यायालयात झगडत राहिली.

एकाच उपकरणावर विश्वास ठेवण्याचा धोका संगणकाच्या काळातच जन्मला असेही नाही. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जण बुडाले. विमान कोणत्या बाजूला किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडून उजवा कल दाखवत राहिले होते. रात्रीच्या समुद्रावर बाहेर क्षितिज दिसत नव्हते, आणि तो कल काढण्यासाठी कॅप्टन सरळ असलेले विमान डावीकडे झुकवत गेले. कॉकपिटमधली दुसरी उपकरणे बरोबर सांगत होती. तेथे सॉफ्टवेअर नव्हते, खोट्या माहितीवर विश्वास ठेवला तो माणसाने. पुढे २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमला उतरणाऱ्या टर्किश एअरलाइन्सच्या ७३७ विमानात जमिनीपासूनची उंची मोजणारे डावे उपकरण बिघडले, विमान जमिनीला टेकले आहे असे समजून स्वयंचलित यंत्रणेने इंजिनांची ताकद काढून घेतली, घटत चाललेला वेग वैमानिकांनी उशिरा पाहिला, आणि नऊ जण गेले. मॅक्ससह या तिन्ही प्रकरणांतील दोष एकाच जातीचा आहे.

मॅक्स विमानांत काहीही बदललेले नाही, हा दावा सरळ चुकीचा आहे. मार्च २०१९ मध्ये ही विमाने जगभर जमिनीवर ठेवण्यात आली. अमेरिकेने त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा परवानगी दिली, तर आपल्या डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ऑगस्ट २०२१ मध्ये. आता एमकॅस दोन्ही सेन्सरची तुलना करते, आणि त्यांच्यात ५.५ अंशांहून अधिक फरक आढळला तर ती त्या उड्डाणापुरती बंद होते. ती एका प्रसंगात एकदाच काम करते, पुन्हा पुन्हा करीत नाही, आणि वैमानिकाने दांडा ओढून सावरता येणार नाही इतके नाक ती खाली नेऊ शकत नाही. सेन्सर जुळत नसल्याचा इशारा सर्व विमानांत चालू करण्यात आला आणि सिम्युलेटरवरचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. आकासा एअरची सर्व विमाने मॅक्स जातीची आहेत आणि ती मोपालाही येतात, हे संदेशातले म्हणणे बरोबर आहे. पण २०१८ साली ज्या स्थितीत ते विमान विकले जात होते त्या स्थितीत ते आज नाही. या दुरुस्त्या पहिल्या दिवशीच का नव्हत्या, हा आक्षेप घ्यायचा असेल तर मीही त्यात सामील आहे. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाच्या बाजूचा दरवाजाच्या जागी बसवलेला तुकडा हवेत उडाला, कारण तो जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात लावलेच गेले नव्हते. त्या घटनेचाही सॉफ्टवेअरशी संबंध नव्हता, मात्र कारखान्यातील शिस्तीशी फार मोठा होता.

अहमदाबादच्या दुर्घटनेविषयी अतिशय संयमाने बोलले पाहिजे. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ जण गेले; कोकणातल्याही घरांपर्यंत ते दुःख पोहोचले. ते विमान बोइंग ७८७ होते आणि एमकॅस ही यंत्रणा ७८७ मध्ये नाहीच, त्यामुळे त्याच सॉफ्टवेअरचे नाव घेणे निराधार आहे. विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. त्यानुसार विमान हवेत झेपावल्यावर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन सुरू-बंद करणारे खटके, सुमारे एका सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की इंधन का बंद केले, आणि दुसरा सांगतो की मी केले नाही. पुढच्या काही सेकंदांत खटके पुन्हा सुरू स्थितीत आले, पण उंची पुरेशी नव्हती. ते खटके कसे आणि कशामुळे हलले, हे तो अहवाल सांगत नाही. अशाच खटक्यांना चुकून हलण्यापासून रोखणारी कडी ७३७ जातीच्या काही विमानांत सुटलेली आढळल्याचे एफएएने २०१८ च्या एका सूचनापत्रात कळवले होते. ती सूचना बंधनकारक नव्हती आणि एअर इंडियाने त्यानुसार तपासणी केली नव्हती, याचीही नोंद अहवालात आहे. एवढ्या माहितीवर वैमानिकाला दोषी ठरवणारे आणि एवढ्याच माहितीवर संगणकाला दोषी ठरवणारे, दोघेही चौकशीच्या आधी निकाल देत आहेत, आणि मृत वैमानिकाला तर स्वतःची बाजू मांडता येत नाही.

एअरबसचे प्रकरण या संदेशात वापरले गेले याचे मला विशेष वाईट वाटते, कारण ते प्रकरण उलट बाजूचा पुरावा आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील जेटब्लू कंपनीच्या ए-३२० विमानाचे नाक प्रवासादरम्यान अचानक खाली गेले, काही प्रवासी जखमी झाले, आणि वैमानिकांनी विमान जवळच्या विमानतळावर सुखरूप उतरवले. तीव्र सौर प्रारणामुळे उड्डाण नियंत्रणाच्या संगणकातील माहिती बिघडू शकते असे तपासात दिसून आल्यावर, महिन्याच्या आत, २८ नोव्हेंबर रोजी, एअरबसने सुमारे सहा हजार विमानांची दुरुस्ती करण्यास सांगितले. बहुतेक विमानांत सॉफ्टवेअरची आधीची आवृत्ती परत बसवणे एवढेच काम होते आणि ते काही तासांचे होते. भारतात इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस यांची मिळून तीनशेहून अधिक विमाने त्यात होती आणि डीजीसीएच्या देखरेखीखाली त्यांचे काम दोन-तीन दिवसांत उरकले. दोष होता, आणि तो गंभीर होता, यात शंका नाही. परंतु एकही जीव न गमावता तो सापडला, जाहीर झाला आणि प्रवाशांची गैरसोय सोसून दुरुस्त झाला. लायन एअरनंतर हेच घडले असते तर इथिओपियातील १५७ माणसे वाचली असती. दोष जाहीर करणाऱ्यालाच आपण झोडपू लागलो, तर पुढचा दोष जाहीर होण्यास उशीर होईल.

चिपीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला तेव्हापासून तेथील नियमित सेवेत प्रामुख्याने एटीआर ७२ जातीची पंख्याच्या इंजिनांची विमाने आली. त्यांत वैमानिकाचा दांडा केबल आणि दांड्यांच्या साहाय्याने थेट पंखांवरील आणि शेपटीवरील पट्ट्यांशी जोडलेला असतो. एमकॅससारखे काही तेथे नाही. तरीही १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे असेच एक विमान पडून ७२ जण गेले. फ्लॅपच्या दांड्याऐवजी चुकून वेगळे दांडे ओढले गेले आणि दोन्ही पंख्यांचा जोर गेला, असे चौकशीत निष्पन्न झाले. संगणक कमी असलेले विमान आपोआप सुरक्षित ठरत नाही.

रस्त्याने येण्याच्या सल्ल्याविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण लोक तो पाळतात. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. ऑगस्ट २०२० मधील कोळिकोडच्या अपघातापासून जून २०२५ मधील अहमदाबादच्या अपघातापर्यंत देशातील नियमित प्रवासी विमानसेवांत एकही प्राणघातक विमान अपघात झाला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि गणपतीच्या गर्दीत रात्रभर गाडी हाकत त्यावरून येणे म्हणजे काय, हे कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. ज्याला परवडते आणि ज्याला वेळ आहे त्याने रेल्वेने यावे, रस्त्याने यावे, विमानाने यावे; पण विमान टाळून रस्ता धरणे म्हणजे जीव वाचवणे, हा हिशेब खरा नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: संगणक काढा आणि विमान माणसाच्या हाती द्या. याचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर, कोकण रेल्वे जेथे संपते त्या मंगळूरला, २२ मे २०१० रोजी मिळाले. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान डोंगरमाथ्यावरील धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण गेले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने जे मांडले ते वाचताना अंगावर काटा येतो. सुमारे दोन तासांच्या ध्वनिमुद्रणापैकी पावणेदोन तासांच्या जवळपास कॅप्टन झोपलेले होते. उतरताना विमान फार उंचावर आणि वेगात होते. खाली येण्याचा वेग जास्त आहे, विमान वर घ्या, असे यंत्रणा पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होती. सहवैमानिकाने परत वर जाण्यास तीनदा सुचवले. नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाने यंत्राचे ऐकले नाही आणि शेजारच्या माणसाचेही ऐकले नाही. त्या दिवशी विमान पूर्णपणे माणसाच्याच हाती होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे तेव्हा अगदी नवे असलेले ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले आणि ९२ जण गेले. स्वयंचलित यंत्रणा इंजिने मंद ठेवून उतरण्याच्या स्थितीत होती आणि हे वैमानिकांच्या वेळेत ध्यानात आले नाही. सरकारने त्यानंतर ही विमाने काही महिने उडू दिली नाहीत. म्हणजे यंत्र आपल्या सांगण्याप्रमाणे चालले आहे आणि माणसाला ते काय करते आहे हे उमगलेले नाही, अशीही एक जागा असते, आणि तेथे लोक मरतात. तिच्यावरचा उपाय म्हणजे प्रशिक्षण, आणि यंत्र या क्षणी काय करीत आहे हे वैमानिकाला स्पष्ट दिसेल अशी कॉकपिटची मांडणी. यंत्र नसल्याने काय होते, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिसले: दोन विमाने समोरासमोर धडकून ३४९ माणसे मेली. समोरून येणाऱ्या विमानाचा इशारा देणारी स्वयंचलित यंत्रणा भारतात बंधनकारक झाली ती त्यानंतर.

कोकणातल्या माणसाला स्वयंचलित यंत्रणा परकी नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडी येऊन गाड्या घसरल्या आणि कितीतरी माणसे गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने पावसाळ्यातील वेग कमी केला, डोंगरांना जाळ्या लावल्या, गस्त वाढवली, आणि पानवल, मांडवी, जुवारी यांसारख्या उंच व लांब पुलांवर वारा मोजणारी उपकरणे बसवली. वाऱ्याने मर्यादा ओलांडली की गाडी अडवली जाते. उपकरण आणि गस्तीवरचा गँगमन एकाच वेळी लागतात, हे आपण इथे पावसाळ्यागणिक पाहतो.

म्हणून ज्यांना विमानांच्या सुरक्षिततेची खरोखर चिंता आहे, त्यांनी माणसाच्या थकव्याकडे पाहावे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घालणारे नियम डीजीसीएने केले आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ते पूर्णपणे लागू झाले. इंडिगोने त्यासाठी पुरेशी तयारी केली नव्हती, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. मोपावर लोक अडकले, संतापले, आणि तो संताप योग्यच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की रात्रीच्या उड्डाणांवरील काही नियमांतून त्याच कंपनीला फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. दुसरीकडे, विमान कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या याच डीजीसीएमधील निम्म्याच्या आसपास पदे रिकामी असल्याकडे संसदेच्या स्थायी समितीने २०२५ मध्ये लक्ष वेधले होते. आपल्या भागातून जे खासदार दिल्लीला जातात, त्यांना गणपतीपूर्वी दोन गोष्टी विचारता येतील: ही पदे कधी भरणार, आणि वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांतून यापुढे कोणालाही सूट देणार नाही असे सरकार सभागृहात लेखी सांगणार का.